कोकणात सुट्टीसाठी घर ऑनलाइन ठरवताना पैसे पाठवण्याआधी काय काय विचारता?

सायली_पुणे | ११ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

हे लिहायला मला अडीच आठवडे लागले. आधी नुसता संताप होता, मग लाज वाटायला लागली. पण आपण गप्प बसलो की त्या माणसाचंच फावतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जण दापोलीजवळ कर्द्याला जायचं ठरवलं होतं. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई-सासरे. हॉटेलात सासूबाईंना जमत नाही, त्यांचं पथ्याचं खाणं आहे, म्हणून स्वयंपाकघर असलेला फ्लॅट शोधत होते. फोनवर एक जाहिरात दिसली. समुद्राला लागून घर, वरच्या मजल्यावर स्वतंत्र फ्लॅट, दोन बेडरूम, गॅलरीत झोपाळा, रात्रीचे ३,८०० रुपये. नाताळच्या आठवड्यात त्या पट्ट्यात या भावात एवढी जागा मिळत नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

व्हॉट्सॲपवर बोलणं झालं. माणूस अतिशय नम्र. "ताई, आजींसाठी गरम पाण्याची सोय आहे, काळजी करू नका." चार रात्रींचे १५,२०० झाले, निम्मे म्हणजे ७,६०० मी पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. पूर्ण पैसे आत्ता भरले तर दहा टक्के सूट. मग आणखी ६,०८० पाठवले. तासाभराने पुन्हा फोन: पावती निघत नाहीये, रक्कम एकसारखी दिसली पाहिजे, तुम्ही ७,६०० परत पाठवा, आधीचे आपोआप जमा होतील. तेही पाठवले. एकूण २१,२८०. चौथ्यांदा मागितले तेव्हा नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला. पण तेवढ्यात रंगीत पावती आली, त्यावर लोगो, घराचा फोटो, जीएसटी क्रमांक, आणि आमचा विश्वास बसला.

२४ तारखेला पोचायला साडेसात वाजले. नकाशाने आणून सोडलं तिथे खरंच फाटक होतं, घर होतं, वर गॅलरी होती आणि झोपाळाही होता. गॅलरीत दुसरंच एक कुटुंब चहा घेत बसलं होतं. खालच्या पडवीतून घरच्या वहिनी बाहेर आल्या. त्यांनी माझा फोन हातात घेतला, फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाल्या, "घर आमचंच आहे हो. पण हे तुळशीवृंदावन बघा, निळं आहे. आम्ही पिवळं रंगवून दोन वर्षं झाली." मी वळून पाहिलं. अंगणातल्या दिव्याखाली पिवळं वृंदावन. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. मुलं गाडीत झोपली होती.

त्या वहिनींनी आम्हाला आत बसवलं, चहा दिला, चार घरी फोन लावले. शेवटी लाडघरला एका घरी एक खोली आणि ओटीवर गाद्या अशी सोय झाली. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, पण त्यांचे उपकार विसरणार नाही.

घरी आल्यावर तीच पावती शांतपणे पाहिली. पैसे गेलेल्या खात्यावरचं नाव आणि पावतीवरचं नाव वेगळं. जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. हे सगळं घरून निघण्याआधीच डोळ्यांसमोर होतं, मी पाहिलं नाही.

तुम्ही कोकणात घर ठरवताना काय विचारता, काय तपासता, कुठे फसलात, कुठे वाचलात, कृपया मोकळेपणाने लिहा. मे महिन्याची ठरवाठरव आता सुरू होईल.

निवांत_नाशिक | ११ जानेवारी, रात्री १०:०५

वाचून वाईट वाटलं ताई. आजी-आजोबा बरोबर असताना तर फारच. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कळवलंत का?

सायली_पुणे | ११ जानेवारी, रात्री १०:२०

कळवलं, पण पैसे पाठवल्यावर नऊ दिवसांनी. फसलोय हेच पोचल्यावर कळलं ना. लाडघरला त्या रात्री रेंज नव्हती, सकाळी फोन केला. तक्रार घेतली, पोच क्रमांक आला आहे. पुढचं काही अजून कळलेलं नाही.

खळ्यातलो | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

मी देवबागचो. मालवणपासून तारकर्लीच्या पुढे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये आमची चिंचोळी पट्टी. चार खोल्या आहेत, घरचेच सगळे राबतो.

सायलीताई, तुमच्या त्या वहिनींच्या जागी आम्ही तीनदा उभे राहिलो आहोत, एकाच मे महिन्यात. आमच्या घराचे फोटो कोणीतरी उचलले आणि आमच्याच नावाने खोल्या विकल्या. पहिलं कुटुंब कोल्हापूरचं, भर दुपारी दोन वाजता दारात. मुलगी उन्हाने लाल झालेली. माझी आवस, म्हणजे आई, एवढंच म्हणाली, "पयले जेवा, मगे काय ता बघूया." त्यांना वाढता वाढता तिच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण खोली एकही रिकामी नव्हती. पैसे आम्ही घेतले नव्हते, पण लोक आमच्याकडे संशयाने बघत होते. तो डाग आम्हाला धुता येत नाही.

चोराला काय करता येतं ते आधी सांगतो. नकाशावर घराचं जे पान असतं त्यात कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. आमच्या घराच्या नावासमोर जवळजवळ महिनाभर दुसऱ्याचाच मोबाइल नंबर होता. लोक नकाशावरून फोन करत होते आणि तो चोर उचलत होता. आम्हाला पत्ताच नाही, कारण आपण आपल्या घराचं पान कशाला उघडून बघणार? तेव्हापासून मी दर सोमवारी बघतो.

तर नंबर एका ठिकाणाहून घेऊ नका. पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोंत बऱ्याचदा आमच्या गेटवरची पाटी येते, तिच्यावर नंबर रंगवलेला असतो. तो आणि तुमच्याकडचा नंबर जुळतो का बघा. पाटी बदलायला चोर देवबागात येणार नाही.

दुसरं, असं काही विचारा जे फक्त त्या घरात उभा असलेला माणूसच सांगू शकेल. आज लाईट आहे काय? गाडी दारापर्यंत येते की रस्त्यावर लावायची? किराणा कोणाकडून आणता? विहिरीचं पाणी मचूळ झालंय काय? एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, आम्ही ते स्वतःहून सांगतो आणि पिण्याचं पाणी बाहेरून आणतो. ज्याला मचूळ म्हणजे काय तेच कळत नाही, तो आमच्या किनाऱ्यावरचा नाही.

तिसरं, व्हिडिओ कॉल. तयार व्हिडिओ पाठवला तर चालणार नाही. "रस्त्यावरून आत चला आणि समुद्र दाखवा" असं सांगा. खरा मालक वैतागेल फार तर, हातात माशांची पिशवी असेल तर "दहा मिनिटांनी करतो" म्हणेल, पण करेल.

आणि आगाऊ रक्कम आम्ही मागतो, त्याचा राग धरू नका. ३१ डिसेंबरला खोल्या धरून ठेवायच्या आणि लोक यायचेच नाहीत, असं सगळ्यांच्या वाट्याला आलेलं आहे. पण आम्ही एका रात्रीचे किंवा पंचवीस-तीस टक्के घेतो. पूर्ण रक्कम आधी मागणारा, त्यावर सूट देणारा आणि "अजून दोन पार्ट्या मागे आहेत" म्हणून घाई करणारा, तिघेही मला एकच वाटतात.

आगरातली | १२ जानेवारी, सकाळी ११:३०

खळ्यातलो यांनी फोटोंचा विषय काढला म्हणून लिहिते. माझं माहेर दिवेआगर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारभरात आमच्या वाडीतली सुपारी-नारळाची झाडं आडवी झाली. माझ्या आजोबांनी लावलेल्या पोफळी होत्या त्या. श्रीवर्धनपासून खाली केळशी-आंजर्ल्यापर्यंत हीच गत झाली. नवी रोपं लावली आहेत, पण पोफळ अशी वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाही.

आजही काही जाहिरातींत वादळाआधीचे फोटो दिसतात. दाट वाडी, सावली, मधून पाखाडी म्हणजे दगडी पायवाट. त्यातले बरेच फोटो घरमालकांनी स्वतः जुने टाकलेले असतात, त्यांना फसवायचं नसतं, पण पाहुणा येतो आणि हिरमुसतो. म्हणून फोटो कधीचा आहे ते विचारा. गेल्या सहा महिन्यांतला एक तरी मागा.

आणखी एक. जाहिरातीत समुद्रातून सूर्य उगवताना दिसला तर तिथेच थांबा. आपल्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आहे, तिथे सूर्य मावळतो. तो फोटो कुठल्या तरी दुसऱ्याच किनाऱ्याचा असणार. मोबाइलमध्ये फोटोवरून शोधायची सोय असते, तिथे टाकून बघा, तोच फोटो पाच वेगवेगळ्या घरांच्या नावाने निघतो.

खळ्यातलो | १२ जानेवारी, दुपारी १२:०५

अगदी बरोबर. फक्त आमच्या देवबागात खाडीच्या बाजूने सूर्य उगवताना पाण्यावर दिसतो. तेवढा अपवाद धरा, नाहीतर लोक मलाच चोर म्हणतील.

वसूली_नव्हे_बचत | १२ जानेवारी, रात्री ८:५०

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं शाखेत अशा तक्रारी रोज यायच्या.

सायलीताई, तुम्ही लाज वाटून घेऊ नका. माझ्यासमोर डॉक्टर, प्राध्यापक, एकदा तर आमच्याच शाखेतला एक सहकारी असाच बसला होता. "परत पाठवा, आधीचे आपोआप येतील" ही त्यांची ठरलेली चाल आहे. माणसाचे पहिले पैसे अडकलेले असतात, ते सोडवायला तो दुसरे पाठवतो.

पैसे पाठवताना रक्कम भरण्याआधी पडद्यावर खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव येतं. तिथे दोन सेकंद थांबायचं. घरमालक कोणी एक सांगितलाय आणि नाव भलत्याच कोणाचं आलं, की विचारायचं. "माझ्या मॅनेजरचं खातं आहे" या उत्तरावर पैसे पाठवायचे नाहीत. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. परतावा देतो म्हणून कोड पाठवला, की तुमच्या खात्यातून पैसे जाणार आहेत.

चूक लक्षात आली की पहिला फोन १९३० ला. शाखा उघडायची वाट बघू नका. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम हे हाताशी ठेवा. त्यांच्याकडून संबंधित बँकेला सूचना जाते आणि पैसा जिथवर पोचला असेल तिथे गोठवला जातो. तो एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असा फार भराभर पळवतात, म्हणून पहिल्या तासाला किंमत आहे. त्याच दिवशी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि आपल्या बँकेतही लेखी द्या. गोठवलेली रक्कम बऱ्याचदा न्यायालयाच्या आदेशानंतर परत मिळते, वेळ लागतो, पण पाठपुरावा सोडू नका.

एक गैरसमज मला नेहमी भेटायचा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही, असं आहे. लोक ते कागद घेऊन यायचे. पण ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात बसवणं फार कठीण जातं. म्हणून काळजी घ्यायची ती पिन टाकण्याआधीच.

आधार कार्डाचा पूर्ण फोटोही पाठवू नका. फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क केलेलं आधार आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवता येतं, राहण्याच्या ठिकाणी ते चालतं.

मंजुळा_के | १३ जानेवारी, दुपारी ३:१०

आम्हाला कोणी फसवलं नाही, तरी आमची सहल वाया गेली, म्हणून लिहिते. आम्हाला जायचं होतं मुरूडला. बुक केलं मुरूडला. आणि पोचल्यावर लक्षात आलं की मुरूड दोन आहेत. एक रायगडातलं, जंजिऱ्याचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, हर्णैजवळचं, महर्षी कर्व्यांचं. आमच्या बरोबरची दुसरी गाडी दापोलीच्या मुरुडात आणि आम्ही जंजिऱ्याच्या. दोन कुटुंबं तीन दिवस फोनवर बोलत राहिली.

तेव्हापासून मी पिनकोड बघते. रायगडच्या या किनाऱ्याचा ४०२ ने सुरू होतो, रत्नागिरीचा ४१५ ने, सिंधुदुर्गाचा ४१६ ने.

दर्यावर्दी_४१५ | १३ जानेवारी, सायंकाळी ६:००

मंजुळाताईंच्या मुद्द्याला जोडून खाड्यांचं सांगतो. नकाशावर दोन गावं शेजारी दिसतात, मध्ये खाडी असते. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर आहेत, फेरीबोटीने गाडीसकट थोड्या वेळात पलीकडे. बोट चुकली तर मात्र खेड-चिपळूणवरून वळसा, पार रात्र होते. असंच आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेसवी, जयगड-तवसाळ. "गुहागरहून दापोली जवळ आहे" असं जाहिरातीत लिहिलं असेल तर ते बोटीच्या हिशोबाने. शेवटची बोट किती वाजता ते घरमालकालाच विचारा, आणि पावसाळ्यात हवा बघून ती चालू आहे का तेही.

पुण्याकडून येणाऱ्यांसाठी: वरंधा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो. येताना ताम्हिणी धरणार की कुंभार्ली, ते ठरवून मगच पोचायची वेळ सांगा. घरमालक जेवण करून थांबलेला असतो.

प्राजक्ता_ठाणे | १४ जानेवारी, सकाळी १०:४५

सगळं वाचून माझं मत असं झालं आहे की मोठ्या ॲपशिवाय बुकच करू नये. पैसे ॲपकडे राहतात, तक्रार करायला जागा असते, पाहुण्यांचे अभिप्राय असतात. फोनवर, ओळखीवर ठरवायचे दिवस गेले.

खळ्यातलो | १४ जानेवारी, दुपारी १:३०

प्राजक्ताताई, तुमचं म्हणणं समजतं, पण माझ्या वाडीतली निम्म्याहून जास्त घरं कुठल्याच ॲपवर नाहीत. कमिशन परवडत नाही, आणि आवशीक ॲप चालवता येत नाही. त्या घरांत तुम्हाला जे जेवण मिळेल, जी माणसं भेटतील, ती ॲपवर दिसणारच नाहीत. चोरामुळे तीच घरं मरणार असतील तर ते मला सोसत नाही.

प्राजक्ता_ठाणे | १४ जानेवारी, दुपारी २:००

हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. मग माझ्यासारख्या ज्यांना तिथे ओळख नाही, त्यांनी कुठून सुरुवात करायची?

आगरातली | १४ जानेवारी, सायंकाळी ५:२०

पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंदणी केलेल्या घराकडे प्रमाणपत्र असतं. ते विचारा, त्यावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळवा. सगळी चांगली घरं नोंदलेली असतात असं नाही, पण अनोळखी माणसाला तेवढा एक धागा मिळतो. अगदीच धास्ती वाटत असेल तर पहिल्यांदा एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, निवासात राहा. गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, तारकर्ली, सगळीकडे आहे. बुकिंग मात्र त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, पत्ता नीट वाचून. तिथे राहून गावात फिरा, दोन-चार घरं बघा, बोला. पुढच्या वर्षी तुम्हाला घर शोधावं लागणार नाही.

संध्या_बी_विंग | १४ जानेवारी, रात्री ९:१५

ॲपवर ठरवलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. आम्ही अलिबागजवळ एका इमारतीतला फ्लॅट ॲपवरून घेतला होता. मालक मुंबईचे, खरे, पैसेही त्यांनाच गेले. फाटकावर वॉचमनने अडवलं. सोसायटीने ठराव केला होता की दोन-चार दिवसांसाठी भाड्याने द्यायचं नाही. मालकांचा फोन लागेना. आत जायला पावणेदोन तास लागले, तेही मालक आमचे नातेवाईक आहेत असं सांगून. मला खोटं बोलावं लागलं, तेही मुलांसमोर, याचं फार वाईट वाटलं.

इमारतीतला फ्लॅट असेल तर सोसायटीला चालतं का, फाटकावर आपलं नाव कळवलंय का, किल्ली कोण देणार आणि त्याचा नंबर काय, हे आधी विचारा. भाड्यात काय धरलं आहे तेही लिहून घ्या. आमच्याकडे एसीचे पैसे मीटर बघून वेगळे, सिलिंडरचे वेगळे, साफसफाईचे वेगळे लावले. आत गेल्या गेल्या मी आता मोबाइलवर सगळ्या खोल्यांचा एक व्हिडिओ काढते, नळ सोडून, एसी लावून, गादीच्या खालच्या बाजूसकट. अनामत परत मागताना तो एकदा उपयोगी पडला. फुटलेली काच आधीपासूनच फुटलेली होती, ते दाखवता आलं.

श्रीरंग_मिरज | १५ जानेवारी, सकाळी ८:३०

ॲप असो, संकेतस्थळ असो, तक्रारीचं थोडं सांगतो, मी स्वतः त्यातून गेलोय. ई-कॉमर्सचे नियम २०२० पासून लागू आहेत. प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. मी आधी नुसता चॅटवर भांडत होतो, काही झालं नाही. मग तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली, तेव्हा परतावा आला. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. घर मालवणला होतं म्हणून मला तिकडे खेटे घालावे लागले नसते, हे फार मोठं आहे.

रद्द करण्याच्या अटी मात्र पैसे भरण्याआधी वाचा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. नंतर पान बदललेलं असतं. पावसाळ्यात जाणार असाल तर रेड अलर्ट किंवा घाट बंद असताना पैसे परत की तारीख बदलून, हे मालकाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. बहुतेक मालक तारीख बदलून द्यायला तयार असतात.

जीएसटीबद्दलही लिहितो, कारण त्यावरून हल्ली काहीही उकळतात. रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, आधी १२ होता. अजूनही कोणी १२ लावत असेल तर विचारा.

अनुराधा_वि | १५ जानेवारी, दुपारी ४:४०

माझा मुद्दा पायऱ्यांचा. "समुद्र दोन मिनिटांवर" म्हणजे कसा, ते विचारा. आम्ही घेतलेलं घर टेकडीवर होतं. समुद्र खरंच खाली दिसत होता, पण मध्ये जांभ्याच्या दगडांची उभी पाखाडी, कठडा नाही, शेवाळ धरलेलं. माझ्या आईचे गुडघे बदललेले आहेत. पाच दिवस ती गॅलरीतून समुद्र बघत बसली. कोणाचाच दोष नव्हता, मालकांनी विचारल्यावर लगेच सांगितलं असतं. मी विचारलं नाही, याची खंत मला आहे. घरात वयस्कर माणूस असेल तर पायऱ्या किती, कठडा आहे का, कमोड आहे का, न्हाणीघर खोलीला लागून आहे का, एवढं तरी विचारा.

निवांत_नाशिक | १५ जानेवारी, सायंकाळी ७:००

आमच्या अनुभवातून दोन गोष्टी. गुहागर, आंजर्ले, दिवेआगर इथल्या काही घरांत मांसाहार चालत नाही, बाहेरून आणून खाल्लेलाही नाही. ते त्यांचं राहतं घर आहे, विचारूनच ठरवावं. आणि गणपतीत, शिमग्यात बरीच घरं बंद असतात, कारण मुंबईची सगळी माणसं घरी येतात. त्या दिवसांत कोणी भराभर खोल्या देत असेल तर जास्त चौकशी करा.

खळ्यातलो | १५ जानेवारी, रात्री ८:१०

हो, गणपतीत आमच्याकडे घरची माणसंच ओटीवर झोपतात.

अजून एक राहिलं. कोणाकडे परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक येणार असतील तर आधी सांगा. त्यांची माहिती आम्हाला २४ तासांच्या आत सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. ऐन वेळी कळलं की रेंज शोधत फिरावं लागतं.

आणि पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि वॉटरस्पोर्ट्स बंद असतात. जुलैत स्कूबाचं पॅकेज धरून खोली विकणारा कोणी भेटला, तर त्याचा नंबर इथे नको, पण पोलिसांना जरूर द्या.

सायली_पुणे | २ फेब्रुवारी, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं कळवायचं होतं.

तक्रारीत ४,३०० रुपये एका खात्यात गोठवले गेले आहेत, असं गेल्या आठवड्यात पोलिस ठाण्यातून सांगितलं. बाकीचे पुढे निघून गेले होते. वसूली_नव्हे_बचत काकांनी सांगितल्याप्रमाणे बँकेत लेखी दिलं आहे, न्यायालयात अर्ज करायची तयारी चालू आहे. कर्द्याच्या त्या वहिनींनीही स्वतःच्या फोटोंच्या चोरीची वेगळी तक्रार दिली. आम्ही दोघी एकमेकींच्या संपर्कात आहोत.

आणि आम्ही पुन्हा ठरवलं आहे. सासूबाई म्हणाल्या, माझ्यामुळे पोरांची सुट्टी राहायला नको. या वेळी केळशी, फेब्रुवारीच्या शेवटी. गेटच्या पाटीवरचा नंबर पाहुण्यांच्या फोटोतून काढला, तोच निघाला. व्हिडिओ कॉलवर मालकीणबाई कणकेने माखलेला हात पदराला पुसत बाहेर आल्या आणि रस्त्यापासून विहिरीपर्यंत सगळं दाखवलं. फोन सासूबाईंनीच घेतला. पायऱ्या किती? सात, डाव्या हाताला कठडा. पाणी? गोडं आहे, मेमध्ये जरा कमी पडतं. एप्रिलमध्ये यायचं म्हटलं असतं तर खोली मिळाली नसती, चैत्रात महालक्ष्मीच्या उत्सवाला त्यांच्या घरीच माणसं असतात, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

आगाऊ दीड हजार मागितले. खात्यावर त्यांचंच नाव आलं. मी तरी दोन मिनिटं फोन हातात धरून बसले होते, मग पाठवले.

खळ्यातलो | २ फेब्रुवारी, रात्री ९:३५

बरा वाटला वाचून. हरिहरेश्वर करून जाणार असाल तर बागमांडल्याची बोट उजेडात धरा.